सुरीआधी हात पाहावा

गेल्या पावसाळ्यात ७४ वर्षांच्या एक काकू डाव्या तर्जनीला रुमाल गुंडाळून माझ्या दवाखान्यात आल्या. सोबत त्यांच्या सूनबाई होत्या. भेंडी चिरताना सुरी घसरली होती. हृदयविकारासाठी काकूंना रोज अ‍ॅस्पिरिनची गोळी चालू असल्याने रक्त थांबायला वेळ लागत होता. मी जखम धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताची लस दिली आणि त्या निघताना सहज बोलून गेलो, "काकू, आता पुरे झाले. यापुढे सुरीला हात लावू नका." काकू काही बोलल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी जखम पायाच्या अंगठ्यावर होती. मधल्या काळात घरी बरीच चर्चा झाली होती. स्टीलची सुरी जड आहे, म्हणून ती आईंच्या हातात राहत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि पुण्यात नोकरीला लागलेल्या नातीने पहिल्या पगारातून आजीसाठी पांढरीशुभ्र सिरॅमिकची सुरी मागवली. वजनाला हलकी, धारेला उत्तम. महिनाभर काकू तिच्यावर खूश होत्या. मग एका सकाळी ती हातातून निसटली, टाइल्सच्या फरशीवर आपटली, तिचे तुकडे झाले आणि त्यांतला एक उडून पायाला लागला.

सूनबाईंनी विचारले, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा. सिरॅमिकची सुरी चांगली की स्टीलची?"

मी उत्तर देणार होतो. पण दोन महिन्यांपूर्वीच विचारायला हवा होता तो प्रश्न तेव्हा माझ्या तोंडी आला. "काकू, हातातून फक्त सुरीच पडते का?"

"सुरीचं काय घेऊन बसलात, डॉक्टर! चहाचा कपही पडतो. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं."

मी त्यांचा उजवा तळहात उजेडात धरला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. मनगटातून तळहाताकडे जाणारी नस दबली होती. या विकाराला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. दोष सुरीच्या वजनात नव्हता. हाताची पकडच सैल झाली होती आणि पहिल्या वेळी जखमेकडे पाहताना मी हाताकडे पाहायचे विसरलो होतो.

वाचकहो, सूनबाईंनी विचारलेला प्रश्न अलीकडे अनेकजण विचारतात. परगावी असलेली मुले आईवडिलांसाठी सिरॅमिकच्या सुऱ्या हौसेने पाठवतात. म्हणून या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर नीट देतो. पण ते हातापासून सुरू होते, हे आधीच सांगून ठेवतो.

सिरॅमिकची सुरी म्हणजे काय?

नाव सिरॅमिक असले तरी ही आपल्या बरणीची चिनी माती नव्हे. हे पाते झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड या पदार्थाचे असते. त्याची अतिशय बारीक भुकटी साच्यात दाबून सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात भाजतात आणि मग हिरकणीच्या चाकावर तिला धार काढतात. स्वयंपाकघरातील अशा सुऱ्या जपानमधील क्योसेरा या कंपनीने १९८४ साली बाजारात आणल्या. हा पदार्थ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्यापैकी काहींच्या दातांवर बसवलेली पांढरी टोपी याच झिर्कोनियाची असते.

कठीणपणा मोजण्याची 'मोह्स' नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर हिऱ्याला १० गुण, झिर्कोनियाला सुमारे साडेआठ आणि सुरीच्या पोलादाला साधारण साडेपाच ते साडेसहा गुण मिळतात. म्हणूनच सिरॅमिकची धार झिजायला पुष्कळ काळ लागतो. आपल्या आया-आज्या कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासत, तेव्हा भाजलेली माती पोलादाहून कठीण असते, याच गुणाचा त्या उपयोग करून घेत असत.

परंतु कठीण म्हणजे चिवट नव्हे. पोलाद ताण आला की किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. सिरॅमिक वाकत नाही. मर्यादेपलीकडे ताण आला की ते थेट तुटते. सिरॅमिकच्या सुरीचे सारे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात. टोमॅटो, काकडी, पपई, कोबी, केळे, उकडलेला बटाटा यांसाठी ती फार छान. पण लाल भोपळा, सुरण, कच्चा फणस, कोय असलेली कैरी, हाडाचे मटण किंवा फ्रीजरमधून नुकताच काढलेला पदार्थ तिने कापू नये. तिने डब्याचे झाकण उचकटू नये, लसूण ठेचू नये, नारळाचे खोबरे सोडवू नये. पाते आडवे पिरगळले की ते मोडते.

आरोग्याचे दावे

या सुऱ्या विकताना आरोग्याच्या काही गोष्टी सांगितल्या जातात. त्यांतल्या तीन तपासून पाहू.

पहिली, स्टीलच्या सुरीतील धातू अन्नात उतरतो आणि सिरॅमिकचा उतरत नाही. झिर्कोनिया लिंबू-चिंचेच्या आंबटाशी प्रक्रिया करत नाही, हे खरे आहे. परंतु न गंजणाऱ्या पोलादात साधारण १३ टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य थर पोलादाचे रक्षण करतो. शिवाय लिंबू चिरताना पाते फळाला क्षणभरच लागते. तेवढ्याने आरोग्याला धोका पोहोचत नाही. साध्या लोखंडी विळीवर चिरलेले केळफूल किंवा वांगे अधिक काळवंडते. ते दिसायला बरे नसले तरी अपायकारक नसते.

दुसरी, सिरॅमिकने कापलेले सफरचंद काळे पडत नाही. सफरचंदाच्या पेशी फुटल्या की आतील विकरांचा हवेशी संबंध येतो आणि फोड तपकिरी होते. कोणत्याही सुरीने कापले तरी हे होतेच. धार चांगली असेल तर पेशी कमी चिरडल्या जातात आणि फोड जरा उशिरा काळी पडते. मग ती धार कशाची का असेना.

तिसरी, स्टील गंजते आणि गंजाने धनुर्वात होतो. धनुर्वाताचे जंतू माती, धूळ आणि जनावरांच्या शेणात असतात. गंजातून ते निर्माण होत नाहीत. स्वच्छ दिसणाऱ्या वस्तूने झालेल्या जखमेतही ते शिरू शकतात. त्यावर उपाय सुरी बदलणे हा नसून लस घेणे हा आहे.

थोडक्यात, अन्नाच्या दृष्टीने दोन्ही सुऱ्या सुरक्षित आहेत. खरा फरक पडतो तो हाताला.

बोथट सुरी अधिक धोक्याची

अनेक घरांत वृद्धांच्या काळजीपोटी मुद्दाम बोथट सुरी ठेवली जाते. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. बोथट पाते टोमॅटोच्या सालीवर घसरते. ते आत शिरावे म्हणून आपण जोर लावतो आणि जोराने निसटलेली सुरी बोटात खोल जाते. धारदार सुरीला जोर लागत नाही. ज्यांच्या सांध्यांत वेदना आहेत, त्यांच्यासाठी तर कमी जोर म्हणजे कमी दुखणे.

धार तपासण्यासाठी पात्यावर अंगठा फिरवू नका. पिकलेला टोमॅटो घ्या. न दाबता केवळ सुरी ओढून साल कापली गेली तर धार ठीक आहे.

या बाबतीत सिरॅमिकची सुरी सुरुवातीला सरस ठरते. ती महिनोन्महिने धार मागत नाही. पण जेव्हा मागते, तेव्हा अडचण होते. घरचा साधा दगड किंवा दारावर येणारा धारवाला तिच्या कामाचा नाही. तिला हिरकणीचेच साधन लागते. स्टीलची सुरी लवकर बोथट होते, पण कोपऱ्यावरचा माणूसही तिला पाच मिनिटांत धार लावून देतो. घरात कोणी आठवणीने धार लावून आणणारे असेल, तर स्टीलची ही उणीव उरत नाही.

उतारवयातील हात

वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि तिच्याखालील रक्तवाहिन्यांचा आधार कमी होतो. त्यामुळे तरुणाला जिथे ओरखडा येईल, तिथे ज्येष्ठाला चीर पडते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त उशिरा थांबते. दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना मंदावू शकते. कापल्याचे रक्त दिसल्यावरच कळते. साखर नियंत्रणात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. मोतीबिंदूमुळे कड नीट दिसत नाही. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला असेल तर बारीक मूठ आवळून धरताना कळ येते.

आता याच हातात दोन्ही सुऱ्या ठेवून पाहू.

सिरॅमिकची सुरी हलकी असते. झिर्कोनियाचे वजन त्याच आकाराच्या पोलादापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी भरते. शिवाय पाते पातळ आणि मूठ बहुधा प्लॅस्टिकची. मोठ्या सुरीत हा फरक जाणवतो; फळे कापायच्या लहान सुरीत फारसा नाही. सांधेदुखी असलेल्यांना हलकेपणाचा फायदा होतो. परंतु ज्यांचा हात कापतो, त्यांपैकी काहींना जराशी वजनदार सुरीच अधिक स्थिर वाटते. म्हणून 'हलकी ती चांगली' असे सरसकट म्हणता येत नाही. हातात धरून पाहावे.

पातळ पांढरे पाते, पांढरी फळी आणि त्यावर मुळा किंवा पनीर. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना यांत पाते कुठे संपते हेच कळत नाही. सिरॅमिकची सुरी घ्यायचीच असेल तर काळ्या किंवा रंगीत पात्याची घ्या आणि फळीचा रंग भाजीहून वेगळा ठेवा. पात्याचा टवका उडाला आणि तो पांढऱ्या पदार्थात मिसळला तर दिसत नाही. कवळी असलेल्यांना तो तोंडात जाणवेलच असेही नाही. पात्याला खाच दिसली की त्या वेळी चिरलेली भाजी सरळ टाकून द्या आणि ती सुरी वापरातून काढा. तुकडा गिळला गेल्याची शंका असेल, घशात टोचत असेल, पोट दुखत असेल किंवा शौचातून रक्त गेले, तर डॉक्टरांना गाठा. झिर्कोनिया क्ष-किरणांच्या छायाचित्रात सहसा दिसतो, त्यामुळे शोध घेता येतो.

आणि मुख्य म्हणजे, ज्यांच्या हातातून वस्तू पडतात, त्यांच्यासाठी सिरॅमिकची सुरी नाही. आपले ओटे कडाप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे, फरशी टाइल्सची. त्यावर स्टीलची सुरी पडली तर वाजते. सिरॅमिकची पडली तर तुटू शकते. भांडी घासणाऱ्या ताई सिंकमध्ये कुकरखाली दबलेली सुरी ओढून काढतात, त्यांच्या हाताचाही विचार करायला हवा. कोणतीही सुरी खरकट्या भांड्यांत टाकू नये. वापरून झाली की तिथल्या तिथे धुऊन, पुसून जागेवर ठेवावी.

मग कोणती घ्यावी?

हातांत बळ आहे, पकड घट्ट आहे, नजर चांगली आहे आणि मुख्यतः फळे, कोशिंबीर, मऊ भाज्या चिरायच्या आहेत, अशांनी सिरॅमिकची सुरी आवडीने घ्यावी. कठीण भाजीसाठी घरात स्टीलची सुरी मात्र ठेवावी लागेल.

पकड सैल आहे, हात कापतो, बोटे बधिर आहेत किंवा स्वयंपाकघरात अनेकांचे हात फिरतात, तिथे चांगल्या धारेची, चार-पाच इंच पात्याची स्टीलची सुरी बरी. मूठ जाड आणि खरखरीत असावी. जाड मूठ धरायला बोटे कमी आवळावी लागतात. मुठीसमोर पात्याची टाच थोडी खाली आलेली असेल तर बोटे पात्याकडे घसरत नाहीत. फळीखाली ओले फडके पसरावे, म्हणजे ती हलत नाही. गोल वस्तू आधी अर्धी करून सपाट बाजू खाली ठेवावी. उभे राहणे जमत नसेल तर ओट्याऐवजी जेवणाच्या टेबलावर बसून, पुरेशा उजेडात चिरावे. लाल भोपळा आणि सुरण बाजारातच फोडी करून मागावे.

विळीचाही विचार व्हावा. विळीचे पाते स्थिर असते, भाजी दोन्ही हातांनी त्यावर लोटायची असते आणि पाट पायाने किंवा गुडघ्याने दाबलेला असतो. म्हणून पकड सैल झालेल्या काही आज्यांना सुरीपेक्षा विळीच सोयीची वाटते. पन्नास वर्षांच्या सवयीचा तो हात असतो. अडचण असते ती खाली बसण्या-उठण्याची आणि उभ्या उघड्या पात्याची. गुडघे साथ देत असतील तर विळी काढून घेण्याचे कारण नाही. मात्र काम झाले की पाते मिटवून ठेवावे आणि नातवंडे रांगती असतील तर उंचावर ठेवावे.

बोट कापले तर

वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवा. स्वच्छ कापड ठेवून सलग १० ते १५ मिनिटे घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. मध्येच उघडून पाहू नका; पाहिले की जमू लागलेली गुठळी निघते. बोटातील अंगठी सूज येण्याआधी काढा. हळद, कॉफी, टूथपेस्ट जखमेत भरू नका. रक्त थांबते ते दाबाने; भरलेली पूड पुढे आम्हाला जखमेतून धुऊन काढावी लागते.

१५ मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, जखमेच्या कडा दूर राहिल्या, बोट वाकत किंवा सरळ होत नाही, टोक बधिर झाले, किंवा आत पात्याचा तुकडा राहिल्याची शंका असेल, तर लगेच डॉक्टरांकडे या. रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बोटाच्या जखमेपेक्षा ती बंद केल्याचा धोका मोठा असू शकतो. धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी घ्यावी. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या लसीला ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर ती पुन्हा घ्यावी लागते. शेवटची लस कधी घेतली, हे आज एका कागदावर लिहून ठेवा.

हातातून वस्तू का पडतात?

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना मला विशेषतः हे सांगायचे आहे. आईच्या हातातून सुरी पडू लागली की आपण म्हणतो, वय झाले. वय हे निदान नव्हे.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबलेली असू शकते. मधुमेह आणि थायरॉइडच्या कमतरतेत हे अधिक आढळते. दोन्ही हात बेढब झाले, बटणे लावता येईनात आणि चालताना तोल जाऊ लागला, तर मानेच्या मणक्यात मज्जारज्जूवर दाब असू शकतो. हात स्वस्थ असताना कापत असेल, अक्षर बारीक होत चालले असेल, तर पार्किन्सनचा विचार करावा लागतो. यांतील बहुतेकांवर उपाय आहेत आणि ते वेळेत केले तर उपयोगी पडतात.

आणि एकाएकी एक हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. मेंदूतील गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. घरी तेल चोळत बसू नका.

सुरी खरोखर दूर ठेवावी लागते, असे प्रसंगही असतात. फिट येणे, वारंवार भोवळ येणे, स्मृतिभ्रंश वाढून समोरची वस्तू कशासाठी आहे हेच न कळणे. तेव्हाही काम पूर्ण काढून घेऊ नका. मटार सोलणे, मेथी निवडणे, कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करणे, उकडलेले बटाटे सोलणे यांना पाते लागत नाही.

आता काकूंविषयी. नसेची तपासणी झाली, थायरॉइडची कमतरता निघाली, तिची गोळी सुरू झाली. रात्री मनगटाला आधारपट्टा बांधून पाहिला. पण स्नायू आधीच झिजू लागले होते, म्हणून हाताच्या शल्यविशारदांनी मनगटाची छोटी शस्त्रक्रिया केली. मुंग्या गेल्या. अंगठ्याचे बळ पूर्वीइतके आलेले नाही, पण कप आता पडत नाही.

पाठपुराव्याला आल्या तेव्हा सूनबाईंनी मला एक गोष्ट सांगितली. सुरीला हात लावू नका, असे मी म्हटले होते, त्यानंतरचे पंधरा दिवस काकू स्वयंपाकघरात फिरकल्याच नव्हत्या. जेवणही कमी झाले होते. "मी काही करायची नाही, तर मला भूक तरी कशाला लागेल," असे म्हणत. नातीने सुरी पाठवली ती याच काळजीने.

चाळीस-पन्नास वर्षे ज्या हातांनी घराला जेवू घातले, त्यांना एका वाक्यात निवृत्त करण्याचा अधिकार मला नव्हता. आता काकू जेवणाच्या टेबलावर बसून, जाड मुठीच्या स्टीलच्या लहान सुरीने रोजची भाजी चिरतात. दर महिन्याला मुलगा तिला धार लावून आणतो. नातीने आजीसाठी हिरवी फळीही पाठवली आहे. तिच्यावर कांदा स्पष्ट दिसतो.

आपल्या घरात नवी सुरी येणार असेल तर ती अवश्य आणा. त्याआधी आज संध्याकाळी आईचा किंवा वडिलांचा हात आपल्या हातात घेऊन पाहा, आणि रात्री मुंग्या येतात का, एवढे विचारा.